बोकड माझा होता

आमच्या घरात आजही कुणी म्हणालं, "तेव्हा आम्ही बिद्रीकडनं बोकड सोडवून आणला," की माझं डोकं फिरतं. आम्ही म्हणजे कोण? मी गेले होते. शेजारची भाभी गेली होती आणि तिचा नवरा टांगा हाकत होता. आमच्या घरचे पुरुष त्या दिवशी काय करत होते ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. प्लेग ओसरला होता आणि माळावरच्या झोपड्या सोडून आम्ही सगळे कोल्हापुरात आपापल्या घरी परतलो होतो. आमच्या शेजारी नालबंदाचं घर. मुसलमान कुटुंब, आज्या-पणज्यापासून घोड्यांना नाल मारणारं. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणत असे. गावात सर्कस आली, तेव्हा सर्कशीच्या घोड्यांचं काम या नालबंदानंच केलं. त्या सर्कशीत एक बुटक्या जातीची शेळी होती. ती गाभण राहिली, खेळाला निकामी झाली, म्हणून सर्कसवाले जाताना ती याच्याच दारात बांधून गेले. शेळी व्याली आणि मेली. मागं दोन करडं राहिली, एक काळी पाठ, म्हणजे मादी, आणि एक ठिपक्याठिपक्यांचा बोकड. मांजराच्या पिलांएवढी होती.

भाभीच्या मांडीवर तेव्हा तान्हं मूल होतं. ती म्हणाली, "बाई, मला दोन्हीकडं जमायचं न्हाय. तुम्ही न्या."

माझं घर रिकामं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यावरून लोक काय काय बोलत ते इथं लिहीत नाही. नाही तर सगळा कागद त्यातच संपायचा.

मी करडं पदरात घालून आणली. गाईचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानं पाजायला लागले. काळी गुमान प्यायची. बोकड बोळाच ओढून न्यायचा आणि घरभर पळायचा. महिनाभरात दोघं अशी उड्या मारायला लागली, की चार पाय एकदम वर आणि अंग हवेतच वाकडं. मी बघत उभी राहायची आणि चुलीवरची भाकरी करपायची. दोघं गोवऱ्यांच्या ढिगावर चढायची, तिथून पाट्यावर, पाट्यावरून माझ्या पाठीवर. मी ओणवी होऊन सारवत असले की कमरेवर उभं राहून बोकड इकडंतिकडं बघायचा, जसा काही किल्ल्यावर चढलाय. शेवरीचा पाला आणला की दोघं एकाच डहाळीची दोन टोकं धरायची आणि खात खात तोंडाला तोंड लागेपर्यंत जवळ यायची. महाराजांचे शिकारीचे चित्ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून रस्त्यानं नेत. चित्त्यांचा वास आला की ही दोघं माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत शिरायची. त्यांची थरथर माझ्या पायांना कळायची. मग कितीही काम असू दे, मी तिथून हलायची नाही.

मोठी झाली तरी माझ्या गुडघ्याच्या वर गेली नाहीत. येणारे-जाणारे हसायचे. "बाई शेळ्या पाळती म्हणावं तर दूध न्हाय, मटन म्हणावं तर मूठभर." मी म्हणायची, "पोपट पाळता तवा दूध काढता व्हय?"

माझे यजमान कचेरीत कारकून होते. करडांना त्यांनी कधी हिडीसफिडीस केलं नाही, हे खरं. संध्याकाळी घरी आले की बोकड त्यांच्या पागोट्याचा शेव चघळायचा आणि ते चघळू द्यायचे. म्हणूनच मला पुढचं जास्त लागलं.

माझे थोरले दीर बिद्रीच्या बाजूला गावी शेती बघत. कचेरीतल्या कामासाठी ते कोल्हापुरात आले आणि आमच्याकडं जेवले. जेवताना बोकड त्यांच्या ताटाभोवती फिरत होता. मी पाणवठ्यावर धुणं धुवायला गेले. परत आले तर दारात काळी एकटी ओरडत उभी. तिच्या घशातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"बोकड कुठाय?" मी यजमानांना विचारलं.

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "दादा घिऊन गेलं. गावदेवीची जत्रा हाय न्हवं उद्या. त्यांचा नवस हाय."

"आन तुम्ही दिलासा?"

"थोरल्यांनी मागिटलं. न्हाय कसं म्हणू?"

"मला इचारायचं तरी."

"एक हाय की अजून," ते म्हणाले.

हे एवढंसं वाक्य. पुढं त्यांनी माझ्याशी पुष्कळ चांगलं वागून दाखवलं, पण हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

मी तशीच भाभीकडं गेले. ती आतल्या खोलीत मुलाला पाजत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, "उद्या टांगा जोडा. बाईंच्या संगं मी जाती." दोघी बायका, त्यात एक मुसलमान, दुसऱ्याच्या गावच्या जत्रेत जाऊन भांडणार. नालबंदाला पुढचं दिसत होतंच. पण तो एवढंच म्हणाला, "तांबडं फुटायला निघू, मंजी घोड्याला ऊन लागायचं न्हाय."

यजमान दारात उभे राहून म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी टांग्यात चढले.

गावात पोचलो तेव्हा दिरांच्या ओसरीवर पाहुण्यांची बैठक बसली होती. मला बघून दीर मोठ्यानं म्हणाले, "या, पावणं आलं बघा कोल्लापूरचं." सगळे हसले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "माझा बोकड कुठं बांधलाय?"

"तुझा कुठला? देवीचा झालाय त्यो आता."

तेवढ्यात माझी थोरली जाऊ आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी देताना माझ्याकडं न बघता ओठांतल्या ओठांत म्हणाली, "गोठ्यामागं. चिंचंला."

मी पाणी न पिताच मागं गेले. चिंचेला बोकड बांधलेला होता. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि ती माळ त्यानं निम्मी खाऊनही टाकली होती. मला बघताच त्यानं दोर ताणून अशी उडी घेतली, की गळ्याला फास बसून खाली आपटला. मी दोर सोडायला लागले. गाठ घट्ट होती.

दीर मागोमाग आले. "सोडू नगंस. देवीच्या नावानं सोडल्यालं जनावर परत न्हेलंस तर घराण्याला लागंल."

"नवस तुम्ही बोललासा, भावजी. ह्या गोठ्यात तुमची बोकडं हायती की. त्यातलं द्या. दुसऱ्याच्या घरचं उचलून आणायचं आन पुण्य तुमच्या पदरात?"

"थोरल्याम्होरं तोंड वर करून बोलतीस?"

त्यांनी हात उगारला. भाभी माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. काखेत मूल होतं, ते त्यांच्याकडं टकामका बघत होतं. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या की ओ. एवढ्याशा बोकडात कुणाचं भागणार हाय?" पुन्हा हसू झालं. या वेळी ते दिरांवर होतं, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. "ह्या उंबऱ्याला परत पाय लावायचा न्हाय," ते म्हणाले.

"लावत न्हाय," मी म्हणाले, गाठ सोडवली आणि बोकड काखेत मारून टांग्याकडं चालू लागले.

घरी आल्यावर काळीनं त्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि मग जोरात एक ढुशी दिली. मी उंबऱ्यावर बसून हसले, आणि हसता हसता रडू आलं. यजमान आत दिवा पुसत बसले होते.

पुढं महिन्याभरात मला कळलं, की ते कचेरीत सांगत होते, "दादाला मी रोखठोक सांगिटलं, आमचा बोकड आम्ही देणार न्हाय." तिथून ते "आम्ही" सुरू झालं आणि घरात रुजलं.

दिवाळी झाल्यावर माझी जाऊ औषधपाण्यासाठी म्हणून आमच्याकडं आली. तिच्या मनगटाचं हाड वाकडं जुळलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या दिशी झालं. चिंचंचं सांगिटलं म्हून." असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आज मीठ जास्त पडलं. भाभीच्या नवऱ्यानं हाडवैद्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, आता उशीर झाला.

जाऊ परसात बसायची. चांगल्या हातानं दोघांना पाला भरवायची. एकदा बोकड तिच्या मांडीवर चढला, तिथून खांद्यावर, आणि तिच्या अंबाड्यातलं फूल खाऊन उतरला. ती हसली. एवढ्या वर्षांत मी तिचा हसण्याचा आवाज ऐकला नव्हता.

थोडे दिवस गेल्यावर दीर तिला न्यायला आले. बाहेरूनच हाक मारली, कारण माझ्याशी बोलणं बंद होतं. यजमान उठायला लागले. मी त्यांना म्हटलं, "बसा तुम्ही," आणि दारात जाऊन उभी राहिले.

"हात बरा झाला की येतील त्या," मी म्हणाले.

"आन कवा बरा हुणार?"

मागून जाऊच बोलली, अगदी हळू. "आत्ता न्हाय येत मी."

दीर आल्या पावली माघारी गेले. जाऊ आमच्याकडं पुढचा पाऊसकाळ संपेपर्यंत राहिली, मग गावी परत गेली. तिचा हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला.