शनिवार पाळला म्हणून

खरं सांगते, आईच्या नवसावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. नातलग बहुतेक इस्राएलला गेले. इथे मात्र कुणीही विचारतं, “ज्यू? मग मराठी इतकं चांगलं कसं?” उत्तरं देऊन मी कंटाळले होते. त्यात आजारातून उठलेल्या अठ्ठ्याहत्तरीच्या आईचा हट्ट. चालू लागले तर भुसावळला बाबांच्या कबरीवर जाईन आणि त्याच गावात आमच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य करीन, असं ती बोलून बसली होती. तिचे वडील तिथे रेल्वेत होते. ते वारले तेव्हा ती पाच वर्षांची, त्यामुळे कबर कुठली हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी गाडी चार तास उशिरा पोचली. कबरस्तानात शिरलो तर गुडघाभर गवत आणि झिजलेले दगड. तोवर सूर्य टेकला आणि आई मागे फिरली. आमचा शनिवारचा विसावा, शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो; आता कबर रविवारी शोधू, म्हणाली. परतीचं तिकीट मी तिला न विचारता शनिवारचं काढलं होतं. मी तडतडले. ती शांतपणे म्हणाली, “शनिवार मोडून नवस फेडायचा, तर फेडून उपयोग काय?” तिकीट रद्द करताना मी मनात देवालाही दोन शब्द सुनावले.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, लहानपणीची रेल्वे कॉलनी तरी बघू. तिथे एका ओट्यावर एक नव्वदीच्या अक्का तांदूळ निवडत होत्या. आईने वडिलांचं नाव आणि रेल्वेतलं काम सांगितलं, तशा त्या हातातलं सूप ठेवून उभ्याच राहिल्या.

“शनिवारी चूल न पेटवणारे सायेब? त्यांची चूल मीच पेटवे. तुही माय तोंडानं कधी सांगे नाही, तुमच्यात ते चालत नसे. नुसती दारात उभी राहे, मले समजे.” मग आईचा चेहरा न्याहाळत म्हणाल्या, “तू धाकली ना? कडेवर खेळवलं तुले.”

आई त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि लगेच हसायलाही लागली. मी मात्र कबरीचं विचारून घेतलं.

रविवारी अक्कांनी आम्हाला थेट लिंबाखालच्या कबरीपाशी नेलं. आजोबांना अक्कांच्या वडिलांनी खांदा दिला होता, त्यामुळे जागा त्यांना ठाऊक होती. मी गवत काढलं, माती पुसली, तसं आजोबांचं नाव मराठीत दिसलं आणि वर हिब्रू अक्षरं. आई त्यावरून बोट फिरवत राहिली.

हात धुऊन मलिदा अक्कांच्याच ओट्यावर केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि त्यांच्या लेकाच्या मळ्यातली केळी. प्रार्थना मी नेहमी पुटपुटते, त्या दिवशी आईच्या बरोबरीने मोठ्याने गायले. अक्कांना शब्द कळत नव्हते, तरी त्या हात जोडून बसल्या होत्या.

एलियाहू कुठल्याही रूपात येतो, असं आमची जुनी माणसं सांगतात. आला की नाही, यावर मी वाद घालणार नाही. एवढंच कळतं की त्या शनिवारी माझं चाललं असतं, तर अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या असत्या आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतीच्या गाडीत असतो. माझं चालू दिलं नाहीस, देवा, तुझे फार उपकार आहेत.