चेंडू लागणाऱ्या माणसाचा सत्कार

भानुदास मेश्राम हे ओहायोतल्या डब्लिनमधले एक साधे गृहस्थ. मूळचे नागपूरचे. एका विमा कंपनीत दुसऱ्यांच्या गाड्यांचे अपघात तपासतात. माझा नवरा प्रथमेश त्याच कंपनीत आहे. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आहे आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. मेश्रामकाका घरून काम करतात आणि दुपारच्या चहाला त्यांना ऐकणारं माणूस लागतं. अशी आमची मैत्री झाली.

पहिल्यांदा ते मला बेसमेंट दाखवायला घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, होम थिएटर असणार. इथे सगळे होम थिएटर दाखवतात. खाली नुसती कपाटं होती. कपाटांत खण. खणांत झिपच्या छोट्या पिशव्या, आयसेलिनच्या देशी बाजारात सराफाकडे कानातलं घेतलं की देतात तशा. प्रत्येक पिशवीत एक मिशीवाला माणूस होता.

"हात धुतले का?" काकांनी विचारलं.

मी वर जाऊन हात धुऊन आले.

ती बेसबॉलची कार्डं होती. पूर्वी इथे च्युइंगगमच्या पाकिटात मिळायची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची कामगिरी. काका नवीन आले तेव्हा कोणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये त्यांनी बुटाच्या खोक्यातली 'जुनी कार्डं' घेतली. शनिवारी मित्र रमी खेळायला येणार होते. खोकं उघडलं तर सगळे राजेच, राणी एकही नाही. मित्र हसून परत गेले. काका मात्र कार्डांच्या मागचं वाचत बसले. बेसबॉल ते असे शिकले, पाठीमागून. प्रत्यक्ष सामना त्यांनी नंतर कधीतरी पाहिला. तो त्यांना फार लांबलेला वाटला.

त्या खोक्यात त्यांना वेंडेल क्रुप सापडला.

वेंडेल क्रुपला कोणी ओळखत नाही. त्या काळी सतत हरणाऱ्या एका संघात तो थोडे दिवस होता. त्याचं एकच कार्ड निघालं. लांब पल्ल्याचे फटके नाहीत, धावणं नाही, झेल बेताचे. पण एका मोसमात अंगावर सर्वांत जास्त चेंडू घेणारा खेळाडू तो होता.

"क्रिकेटमध्ये पायाला बॉल लागला की माणूस बाद," काका मला म्हणाले. "इथं अंगाला लागला की फुकट पुढं जायला मिळतं. हे वाचलं नं, तेव्हा मला हा देश आवडला."

मी कार्ड पाहिलं. टोपीखाली भव्य कपाळ. खोल डोळे. डोक्याला चिकटलेले कान. काकांच्या मते त्या डोळ्यांत करुणा होती. बॉल यायचा, बरगडीत बसायचा. क्रुप बॅट खाली ठेवून शांतपणे चालू लागायचा. चोळायचासुद्धा नाही. काकांना ऑफिसात कोणी टाकून बोललं की ते खाली येऊन हे कार्ड बघत. सुजाताकाकू म्हणायच्या, लग्नाचा अल्बम एवढ्या वेळा उघडला असता तर त्याची पानं सुटली असती.

यंदा वसंतात कोलंबसला जुन्या कार्डांचं प्रदर्शन भरलं. तिथल्या एका विक्रेत्याने काकांना सहज सांगितलं की क्रुप जिवंत आहे. लायमा गावाच्या बाजूला गवत कापायची मशीनं दुरुस्त करतो.

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. शेवटी काकूंनीच फोन लावून दिला. क्रुप म्हणाले, जेवायला येतो, चिकन आवडतं. पण त्या कार्डावर सही करणार नाही. आजवर केली नाही, पुढेही करणार नाही.

"का?" मी विचारलं.

"विनम्रता," काका म्हणाले.

सही मिळवायची तर क्रुप यांचं मन वळवायला हवं, आणि मराठी माणसाला मन वळवायचा एकच मार्ग ठाऊक असतो. सत्कार ठरला. शाल, पुष्पगुच्छ, मानपत्र. मानपत्र मी लिहायचं होतं.

मी विद्यापीठात पाच पेपर काव्यशास्त्राचे दिले आहेत. अंगावर चेंडू घेणाऱ्या माणसाचं मानपत्र कसं लिहायचं, हे एकाही पेपरात नव्हतं. काका रोज दुपारी मजकूर सुचवायचे. 'आपल्या भव्य भाळावर' हे त्यांचंच. 'आपल्या खोल डोळ्यांतली करुणा' हेही त्यांचंच. मी फक्त पूर्णविराम देत होते.

सत्कार म्हटला की फ्लेक्स आला. इथे तसला फ्लेक्स मिळत नाही, निदान काकांच्या मनासारखा नाही. त्यांनी कार्डाचा फोटो काढून नागपूरला पुतण्याला, धम्मदीपला पाठवला. त्याचं फ्लेक्सचंच दुकान आहे. काकूंची बहीण त्याच आठवड्यात येणार होती. तिच्या बॅगेत चिवडा, शेवया, लाल तिखट आणि मधोमध गुंडाळलेला वेंडेल क्रुप असा सगळा ऐवज आला.

आम्ही तो गॅरेजमध्ये उलगडला. बाहेर लावायची सोय नव्हती. आमच्या वसाहतीत दिवाळीचा आकाशकंदील पंधरा दिवस राहिला तरी कमिटीचं पत्र येतं.

धम्मदीपने मनापासून काम केलं होतं. क्रुप यांचा रंग उजळ केला होता. माणूस मुळात गोरा. आता तो ट्यूबलाइटसारखा दिसत होता. धड दुसऱ्याच कोणाचं तरी होतं, पांढरा कडक शर्ट घातलेलं. हात कानाशी आणि हातात मोबाइल. वर लिहिलं होतं, 'अमेरिकेचे सुपुत्र, चेंडूसम्राट मा. वेंडेलजी क्रुप यांचे हार्दिक स्वागत.' खाली गोलांमध्ये शुभेच्छुक. काका, काकू, त्यांच्यापेक्षा मोठ्या गोलात धम्मदीप आणि धम्मदीपचे तीन मित्र. त्यांना ओहायोत कोणीच ओळखत नव्हतं.

"मोबाइल कशाला?" मी विचारलं.

काका म्हणाले, मोबाइल असला की माणूस कामाचा वाटतो, असं धम्मदीपचं म्हणणं आहे.

रविवारी दुपारी क्रुप आले. जुना पिकअप ट्रक. उंच, वाकलेले, चेक्सचा शर्ट. मी त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळ दोन बोटं. डोळे बारीक. कान असे, की वाऱ्याच्या दिवशी त्यांनी बाहेर पडू नये.

"वयानुसार कान वाढतात," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचेही वाढले होते."

आधी जेवण झालं. काकूंनी सावजी चिकन केलं होतं, पाहुण्यांसाठी बेताचं तिखट. काकूंचं बेताचं. दुसऱ्या घासाला क्रुप यांच्या बारीक डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबले नाहीत. बरगडीतला चेंडू बरा असतो, एकदाच लागतो, असं म्हणत त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. काका त्यांच्याकडे भान हरपून बघत होते. नंतर मला म्हणाले, पाहिलंस, चोळलं नाही.

मग आम्ही सगळे गॅरेजमध्ये गेलो. आमच्या ओळखीची चार कुटुंबं खुर्च्या घेऊन बसली होती. काकांनी दोरी ओढली आणि फ्लेक्सवरची चादर खाली पडली. टाळ्या झाल्या.

क्रुप फ्लेक्ससमोर उभे राहिले. बराच वेळ. वरपासून खालपर्यंत त्यांनी तो पाहिला. धम्मदीपच्या मित्रांनाही एकेक करून पाहिलं.

"हा कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्हीच, सर," काका म्हणाले. "आमच्याकडे थोडा रंग उजळ करतात."

"हा मी नाही. हा लेनी."

टाळ्या एव्हाना थांबल्या होत्या, पण आता जास्त थांबल्या.

लेनी फॅब्रो हा त्याच संघातला खेळाडू. क्रुप यांचा खोलीतला जोडीदार. घोरायचा. फोटोवाला आला त्या दिवशी क्रुप चेंडू लागून डॉक्टरकडे गेले होते. लेनी त्यांची टोपी घालून उन्हात उभा होता. फोटोवाल्याने टोपीवरचा क्रमांक पाहिला आणि फोटो काढला. कार्ड छापून आलं तेव्हा मोसम संपला होता. पुढच्या मोसमात संघाला क्रुप नको होते.

"माझी आई गेली तोवर तिच्या फ्रिजवर लेनी होता," क्रुप म्हणाले. "तिला वाटायचं, टोपीमुळे मी वेगळा दिसतो."

सही न करण्याचं कारण ते होतं. जन्मभर लोक त्यांच्यासमोर लेनी धरत आले. आणि आज त्यांना लेनी दाराएवढा मोठा करून, हातात फोन देऊन दाखवण्यात आला होता. त्यांनी खिशातून ट्रकची किल्ली काढली. जेवण फार छान होतं, असं काकूंना सांगितलं.

भानुदासकाका खाली बसले. जवळ खुर्ची नव्हती, तांदळाच्या पोत्यावर बसले. मी त्यांना फार वर्षं ओळखत नाही, पण कार्डासमोरचे काका मला माहीत होते. ते मला दिसेनात. माझ्या हातात मानपत्र होतं आणि त्यातलं भाळ लेनीचं होतं. डोळे लेनीचे. करुणाही बहुधा लेनीचीच.

क्रुप दारापर्यंत पोचले होते.

"सर," काका पोत्यावरूनच म्हणाले. "बॉल कोणाला लागले?"

"काय?"

"बॉल. तुम्हाला लागले का लेनीला?"

"मला," क्रुप म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

"लेनीला एकही नाही?"

"लेनी?" क्रुप पहिल्यांदा हसले. "चेंडू यायच्या आधीच लेनी बाजूला झालेला असायचा."

काका उठले. पँटीला लागलेलं झटकलं.

"मग सत्कार तुमचाच आहे," ते म्हणाले. "मी फोटोवर गेलो नाही, सर. मी मागचं वाचून आलो."

हे पूर्ण खरं नव्हतं. करुणेबद्दल त्यांनी माझ्याशी तासन्‌तास चर्चा केली होती. पण गॅरेजमध्ये कोणीच हरकत घेतली नाही.

क्रुप यांनी किल्ली परत खिशात टाकली. मग त्यांनी काकूंकडे कात्री मागितली. काकूंनी चिकन कापायची आणली. क्रुप फ्लेक्सजवळ गेले, आणि मशीनचा पत्रा कापावा तसा त्यांनी लेनीचा चेहरा सावकाश गोल कापून काढला. मला वाटलं, आता हा माणूस सगळा फ्लेक्स फाडणार.

ते फ्लेक्सच्या मागे गेले. थोडी खुडबुड झाली, पेंटचा डबा पडला, आणि भोकातून वेंडेल क्रुप यांचं डोकं बाहेर आलं. आधी डावा कान, मग कपाळ, मग खूप प्रयत्नाने उजवा कान.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

पांढरा कडक शर्ट. कानाशी मोबाइल. मा. वेंडेलजी क्रुप.

सत्कार तसाच झाला. शाल खांद्यावर घालायची तर खांदे फ्लेक्सच्या मागे. काकांनी स्टुलावर चढून ती फ्लेक्सवरूनच पांघरली. पुष्पगुच्छ द्यायला हात नव्हता, तो काकूंनी हनुवटीखाली धरला. काका 'जय भीम' म्हणाले. डोक्यानेही 'जय भीम' म्हटलं, बऱ्यापैकी.

मी मानपत्र वाचलं. भाळ गाळलं, डोळे गाळले. उरलेलं काका ओळीओळीने इंग्रजीत सांगत होते. 'जिथे इतर बाजूला झाले, तिथे आपण उभे राहिलात' या ओळीला डोकं खाली गेलं. लवकर वर येईना. मला वाटलं, त्यांना भरून आलं. कान अडकला होता.

मग काकांनी खिशातून कार्ड काढलं. सराफाच्या पिशवीसकट. नुसतं डोक्यासमोर धरलं.

"सही करीन," डोकं म्हणालं. "पण खरं तेच लिहीन."

म्हणजे काय, ते काकांना लगेच कळलं. त्या कार्डावर त्यांनी कधी कोणाला श्वास सोडू दिला नव्हता. एक चुकीचा शब्द पडला की कार्ड बाद, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. प्रदर्शनातला कोणी विक्रेता त्याला हात लावणार नव्हता.

"लिहा, सर," काका म्हणाले.

क्रुप बाहेर आले. कपाळाला फ्लेक्सचा निळा रंग लागला होता. त्यांनी काकांच्या पाठीवर कार्ड ठेवलं, काका वाकून उभे राहिले, आणि लेनीच्या भव्य कपाळावर त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, 'हा मी नाही. वेंडेल क्रुप.'

काकांनी ते वाचलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पुन्हा वाचलं, आणि प्रत्येक खुर्चीपाशी नेऊन दाखवलं. कोणाला हातात मात्र दिलं नाही. हात धुतलेले नव्हते.

शेवटी सगळ्यांचा फोटो काढला. क्रुप पुन्हा फ्लेक्समध्ये गेले. शेजारी काका, छातीशी कार्ड. काकूंनी तो लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नागपुरात मध्यरात्र उलटली होती, तरी धम्मदीपचं उत्तर आलं.

"काका, चेहरा कोणी बदलला? आधीचा जास्त क्रुपसारखा वाटत होता."