मालनकाकूंचा बॅकअप

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ आणि किस्से आपोआप साचतात. धूळ निदान ब्लोअरनं उडवता येते! इंदापुरातल्या माझ्या दुकानात गेल्या वर्षी निम्मे किस्से एकाच प्रश्नावरून जमले. मालनकाकूंच्या घरच्या कॉम्प्युटरला बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

काकू वीस वर्षं लग्नं जुळवतायत, तेही हौसेनं. तालुक्यातल्या मुलामुलींचे बायोडेटा, फोटो, पत्रिका, मामेकुळं, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये. मला म्हणाल्या, "दत्ता, ह्ये गेलं तर निम्मा तालुका बिनलग्नाचा ऱ्हाईल. आसं सॉफ्टवेअर दे की मला निवांत झोप लागली पायजे."

* * *

तेव्हा दुकानात वरकुट्याचे तात्या बसले होते. त्यांना नातवंडांइतकेच उसाचेही फोटो काढायची हौस.

"सॉफ्टवेअर कशाला? मी समदं डबल ठिवतो. एक सी ड्राइव्हला, एक डी ड्राइव्हला!"

"तात्या, डिस्क एकच आहे. सी आणि डी म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या. घरच पेटलं तर?"

तात्यांनी दाढी खाजवत विचार केला.

"मंग ई ड्राइव्ह बी काढ की!"

* * *

लोणी भापकरचे एक रिटायर गुरुजी त्याहून शहाणे. त्यांनी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. सहा महिन्यांनी ती घेऊन आले, वायर आत जाईना म्हणून. बघतो तर भोकात हळदीकुंकू गच्च भरलेलं!

"खंडेनवमीला आमच्या मंडळींनी ट्रॅक्टरशेजारी मांडली होती," गुरुजी म्हणाले.

ब्रशनं कुंकू काढता काढता मी विचारलं, "आणि बॅकअप कधी घेतला होता?"

"तो मुहूर्त अजून निघाला न्हाय."

* * *

काकूंसमोर मी दोन सॉफ्टवेअर ठेवली. एक विकतचं, महिनाभर ट्रायल असलेलं. दुसरं फुकट. काकूंनी स्थळाची करतात तशी चौकशी सुरू केली. कंपनी किती वर्षांची? आधीच्या लोकांनी का सोडलं? नवीन विंडोजशी पटतं का?

"ह्ये फुकटचं म्हंजे 'आमाला काय बी नको' म्हणणारं सासर. चांगलं बी आसंल. पण आधी बघू."

मग म्हणाल्या, "माणसाची पारख अडचणीत व्हती. माझ्यासमोर मोड आन् माझ्यासमोर परत आण."

खरं सांगतो, असं म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक! बाकीचे 'बॅकअप झाला' एवढं वाचतात आणि निश्चिंत होतात. मी त्यांनी दुकानात आणलेल्या कॉम्प्युटरमधला साठ बायोडेटांचा एक फोल्डर उडवला. काकूंनी छातीवर हात ठेवला. पाच मिनिटांत साठच्या साठ जण परत हजर! फुकटचं सॉफ्टवेअर पसंत झालं आणि बॅकअप ठेवायला बाहेरून जोडायची एक डिस्कही दिली. नेमकं तेव्हाच काकूंनी भर दुकानात विचारलं, "तुझ्या दुकानाचा बॅकअप कुठं आस्तो रं?"

मी सगळ्यांना चहा मागवला.

* * *

मे महिन्यात त्यांच्या गल्लीत लाइट तीनदा गेली, तीनदा आली आणि काकूंच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली. त्यांनी मला फोन लावला. "दत्ता, माझी पोरं गेली रं!" एवढंच म्हणाल्या. वीस वर्षांची माणसं होती ती.

नवी डिस्क घेऊन घरी गेलो आणि बॅकअपची डिस्क मागितली. ती निघाली कपाटात, पैठणीच्या घडीत! जोडली, रिस्टोअर चालू केलं. तासाभरानं एकेक चेहरा दिसायला लागला. काकूंचे डोळे भरून आले आणि मी जरा कॉलर ताठ केली.

गडबड एवढीच, की दिवाळीत गुंडाळून ठेवलेली डिस्क काकूंनी परत जोडलीच नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मधे अख्खा लग्नसराईचा सीझन होऊन गेला होता. दिवाळीनंतर ज्यांची लग्नं झाली, ते सगळे यादीत पुन्हा बिनलग्नाचे! आनंदाच्या भरात हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काकूंनी तिथंच यादीतल्या एका मुलाच्या घरी फोन लावला, स्पीकरवर.

"तुमच्या सचिनसाठी झ्याक स्थळ आलंय बघा! पोरगी नर्स हाय, बारामतीला."

पलीकडून एका तरण्या बाईचा आवाज आला.

"काकू, मी सचिनची बायको बोलतीय. फेब्रुवारीत तुमीच न्हाय का जुळवलं आमचं?"

काकूंनी जीभ चावली. "आगं बया! माफ कर गं पोरी. कॉम्प्युटर बिघडला व्हता, दिवाळीची यादी परत आलीय. त्यात सचिन अजून बिनलग्नाचाच हाय."

"मंग मी बी आसंन की त्यात?"

"आसशील की."

पोरीनं आवाज एकदम बारीक केला.

"काकू, मला काय आलंय का बघा बरं!"