खो मिळेपर्यंत

घरात माझाच शब्द चालतो, असं मी कमरीपेठेत सगळ्यांना सांगतो. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला पळता येत नाही, म्हणून ते ऐकून घेतं.

माझ्या पोरीच्या शाळेतल्या खो-खोच्या टीचर रोज दुकानावरून जायच्या. साडीखाली झिजलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. "हवा," एवढंच म्हणायच्या, सायकल टेकवायच्या आणि उभ्या उभ्या डोळे मिटायच्या. इतक्या दमलेल्या बाईला कोण भिणार? मी भ्यायचो.

पोरगी आठवीत गेली आणि मी तिचा खेळ बंद केला. बायको केशवापुरात भांडी घासायला जाते, मग संध्याकाळी मला चहा कोण देणार?

चौथ्या दिवशी टीचर घरीच आल्या. भिंतीला टेकून बसल्या.

"अण्णा, चहा करा."

पोरगी उठायला लागली.

"बस. तुला खो दिला कुणी?" टीचर डोळे मिटूनच बोलल्या.

खो मिळायच्या आधी उठलं की फाउल. पोरगी बसली. उठायला उरलो मीच.

साखर कुठं, पत्ती कुठं, काडेपेटी कुठं, सगळं मी विचारत गेलो. पोरगी दर वेळी अर्धी उठायची, टीचर नुसता हात आडवा धरायच्या.

"असं घरोघर फिरता काय ओ टीचर?"

"या महिन्यातलं तुमचं चौथं."

चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. "उद्यापासून ग्राउंडवर पाठवा," म्हणाल्या आणि सायकल ढकलत गेल्या.

"बघितलंस? सगळा प्यायल्या माझा चहा," मी पोरीला म्हणालो.

"अप्पा, त्या दमल्या होत्या म्हणून प्यायल्या."