वीस ओहमचा बिल्ला

तिची शाळा सुटली ती भागाकारापायी. आठवीत गणितात तिसऱ्यांदा भोपळा मिळाला, तेव्हा वडिलांनी दप्तर उचलून माळ्यावर टाकलं आणि म्हणाले, "हिच्या डोक्यात आकडे शिरायचे नाहीत." आणि आज हीटरच्या कारखान्यात तिला झाडून सगळे भागाकारताई म्हणतात. नशिबालाही थट्टा करता येते, दुसरं काय!

बावीस वर्षं ती हीटरच्या कॉइल गुंडाळते आहे. पहिल्याच आठवड्यात जुन्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, "पोरी, व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा अडथळा कळतो, म्हणजे ओहम. गुणलं की ताकद कळते, म्हणजे वॅट. एवढं ध्यानात ठेव, बाकी सगळी बडबड." तिने घाबरत घाबरत भागाकार मांडला. उत्तर आलं तसंच तारेने वागून दाखवलं, आणि तिला जी चटक लागली ती लागलीच. तेव्हापासून प्रत्येक कॉइल ती चालू करून, चांगली लालबुंद झाली की मोजते आणि ओहमचा आकडा पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकून कॉइलच्या टोकाला बांधते. असा नियम कुणी केलेला नाही. तिचा आपला हट्ट.

नव्या सुपरवायझरच्या डोळ्यांत हा हट्ट खुपायचा. वेळ जातो म्हणे. त्यातच एका मेणबत्त्यांच्या कारखान्यातून तीनदा तक्रार आली की टाकी तापत नाही, सकाळी घातलेलं मेण दुपार झाली तरी वितळत नाही. दोनदा कॉइल बदलून दिली, दोन्ही वेळा भागाकारताईच्याच हातची. शेवटी सुपरवायझर स्वतः जाऊन आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तिथं व्होल्टेज पूर्ण दोनशे तीस आहे. मी मोजलंय. म्हणजे कॉइलच कमजोर. ताई, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची. बावीस वर्षांत तिच्या कॉइलला कुणी नावं ठेवली नव्हती. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"एकदा मला ती टाकी बघू द्या," ती म्हणाली. "मग खुशाल पॅकिंगला बसवा."

दुसऱ्या दिवशी दोघं तिथे पोचले. मेणबत्तीवाल्या मालकीणबाई आधीच तापलेल्या. "टाकी सोडून सगळं तापतंय इथं!" असं म्हणून त्यांनी स्वागत केलं. टाकी कारखान्याच्या पार मागच्या खोलीत होती. दोन महिन्यांपूर्वीच ती तिकडे हलवली होती, आणि पुढच्या खोलीतून भिंतीवरच्या पट्टीतून वायर लांबवली होती.

सुपरवायझरने टाकीपाशी मीटर लावला. "बघा. दोनशे तीस."

"टाकी चालू आहे का?"

"मोजताना कशाला चालू पाहिजे?"

"रस्त्यावर कुणी नसताना रस्ता मोकळाच दिसतो, साहेब. करा चालू."

बटण दाबलं. मीटरचा आकडा झरकन खाली आला तो दोनशेवर थांबला. तिने वायरीभोवती प्रवाह मोजायचा क्लॅम्प मीटर अडकवला. दहा अँपिअर. खडू काढून तिने फरशीवरच मांडलं: दोनशे भागिले दहा, वीस ओहम. मग टाकीच्या बाजूला लटकणारा तिचाच बिल्ला मालकीणबाईंच्या हातात दिला. त्यावर ठोकलेलं होतं, वीस.

सुपरवायझरने बिल्ला हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला.

"कॉइल ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तिला दोनशेच मिळतायत, म्हणून ती दोन हजार वॅट देते. पूर्ण मिळाले असते तर सव्वीसशेच्या वर दिले असते. उरलेले तीस व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. तीस गुणिले दहा, तीनशे वॅट! ते कुठं जळतायत, ते आधी शोधा."

मेनस्विच बंद करून तिने भिंतीवर हात फिरवत नेला. मधल्या जोडावरची पट्टी चटका बसेल इतकी गरम होती. झाकण उघडलं तर आत हडकुळी वायर, आणि जोड जळून कोळसा झालेला. हातभर अंतरावर मेणाच्या लाद्यांची थप्पी. मालकीणबाई घाईघाईने लाद्या बाजूला ओढायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत वायरमनने जाड वायर टाकली. पुन्हा मोजलं: दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, अकरा पूर्णांक चार अँपिअर. भागाकार केला सुपरवायझरने, फरशीवर उकिडवं बसून. वीस! टाकीत मेण पाण्यासारखं झालं, तशा मालकीणबाई टाळ्या पिटायला लागल्या. परतताना सुपरवायझर म्हणाला, "ताई, सोमवारी पॅकिंग राहू द्या. बाकीच्यांनाही बिल्ला ठोकायला शिकवा. मलाही." तिला आनंदाने रस्त्यात नाचावंसं वाटत होतं.

घरी तिचे म्हातारे वडील जेवणासाठी थांबले होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. ते चष्मा लावून म्हणाले, "तो भागाकार मला करून दाखव."

तिने कागदावर दोनशेला दहाने भागलं. त्यांनी वीसवर बोट ठेवलं.

"दप्तर मी उगाच टाकलं गं माळ्यावर."

"असू द्या, बाबा," डोळे पुसत ती हसली आणि कागद उलटा केला. "आता गुणाकार बघा."