शोभाच्या बोटावरचा थेंब

आमची शोभा वस्तीत एचआयव्हीची तपासणी करते, आणि तिच्या कामावर देखरेख माझी. कुणी बाई सुईला घाबरली, की शोभा वेगळी सुई काढून आधी स्वतःच्या बोटाला टोचते. "बघ गं, मुंगी चावल्यासारखं!" बाई हसते, बोट पुढे करते. शोभा स्वतःचा थेंब मात्र कापसानं पुसून टाकते.

काय सांगू, तो पुसलेला थेंब माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिचा नवरा याच आजारानं गेला. आता हिला सारखा ताप येतो, ब्लाउज खांद्यावरून ओघळतो. दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं धाडस आपल्या उंबऱ्यात का बरं येत नाही?

काल म्हटलं, "शोभे, एकदा तो थेंब तपासणीच्या पट्टीवर ठेव ना. औषधं आहेत गं आता."

"मनाविरुद्ध कुणाला तपासायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना ताई?"

शिकवलं खरं. आणि तेच बरोबर आहे, हीच तर पंचाईत.

आज पुन्हा तिनं टोचलं. थेंब टपोरा वर आला. पट्टी हाताशीच होती. मी कापसाचा डबा हळूच पदराखाली ओढला.

शोभानं माझ्याकडे पाहिलं, आणि बोट तोंडात घातलं.