वाढदिवसाचा खड्डा

टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांच्या गटाची एक रीत आहे: ज्याचा वाढदिवस, त्याच्या नावे एक झाड. केक नाही, हार नाही. याचा आम्हाला फार अभिमान. मीही इतकी वर्षं हौसेने रोपं लावली, टाळ्या वाजवल्या. मोकळ्या माळावर झाड लावणं म्हणजे पुण्यच, त्यात विचार कसला करायचा?

तो केला नाही, हीच चूक. माळ मोकळा नव्हताच. तिथे गवत होतं, आणि भाद्रपदात त्या गवतातून सोनकी फुलायची, गुडघ्याएवढी, पिवळीजर्द. आमची झाडं वाढली, सावली पडली आणि सोनकी हटत हटत माथ्यावरच्या एका तुकड्यापुरती उरली. आमच्या दिवाणखान्याएवढा असेल.

यंदा मला सत्तर पूर्ण झाली. त्या दिवशी सकाळी वर पोचले, तर माझ्या झाडाचा खड्डा नेमका त्या तुकड्यात! फुलांसकट ढेकळं बाजूला फेकलेली. माझं डोकंच फिरलं.

"बुजवा तो," मी म्हणाले.

गटाचे सेक्रेटरी हसले. "वहिनी, तण आहे हो ते. दिवाळीपर्यंत वाळून जाईल."

"जाणार तर आपणही आहोत. म्हणून कुणी आजच उपटतं का?"

आमच्या ह्यांनी माझा दंड धरला. "अगं, लोक काय म्हणतील? तुझाच वाढदिवस आहे!"

"म्हणूनच मला आधी विचारायला हवं होतं."

आणि मी खड्ड्यात पाय सोडून बसले. कोणी समजावलं, कोणी चिडलं. 'वय झालं आता' असं कोणीतरी पुटपुटलं, तेही मला स्वच्छ ऐकू आलं. शेवटी रोप आणि पेढे घेऊन मंडळी खाली उतरली. हेही गेले.

वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण मग एकेक ढेकूळ उचललं आणि फुलं वर राहतील असं परत बसवलं. गुडघे बोलत होते. फुलं जगतील की नाही, माहीत नाही.

रविवारी ह्यांचा वाढदिवस. गट पुन्हा तिथेच खणणार आहे म्हणे. खणू देत. मी उजाडायच्या आत जाऊन बसणार आहे, आणि हे दंड धरून उठवायला आलेच, तर त्यांनाही शेजारी खाली बसवणार आहे.